साठीची पंगत, दहा नियम आणि हातात मावणारा कॅमेरा

वडिलांची साठी आहे. जुन्या वाड्यासारखं घरचंच मोठं हॉटेल, लांबलचक टेबल, पांढरेशुभ्र टेबलक्लॉथ, मेणबत्त्या, काळे सूट. जेवण सुरू झालंय. थोरला मुलगा ग्लासवर किणकिण करून उभा राहतो आणि सांगतो की मी दोन भाषणं लिहून आणलीत, एक हिरव्या कागदावर, एक पिवळ्या. कुठलं वाचायचं ते बाबांनीच ठरवावं. वडील हिरवा कागद निवडतात. पाहुणे कौतुकानं हसतात. मग मुलगा शांत आवाजात, एखादी गमतीची आठवण सांगावी तसं सांगतो, की आम्ही लहान असताना बाबा अंघोळीला जाण्याआधी मला आणि माझ्या जुळ्या बहिणीला खोलीत न्यायचे, दाराला आतून कडी लावायचे आणि आमच्यावर अत्याचार करायचे. ती बहीण आता नाही. तिनं नुकताच स्वतःचा जीव घेतलाय.

भाषण संपतं. कुणी ओरडत नाही, कुणी उठत नाही. थोडी चुळबुळ होते, टोस्टमास्टर, म्हणजे समारंभाचा सूत्रसंचालक, पुढच्या कार्यक्रमाकडे वळतो आणि जेवण चालू राहतं.

हे जेवण चालू राहणं मला या चित्रपटात सगळ्यात भयंकर वाटतं. असे गौप्यस्फोट आपण शेकड्यांनी पाहिलेत. गौप्यस्फोटानंतर पुढचा पदार्थ वाढला जातो, हे मात्र फारसं कुणी दाखवत नाही. साठीशांतीच्या पंगतीत असं काही घडलं तर आपल्याकडेही पहिला आवाज ‘अहो, आधी पानं वाढून घ्या’ असाच येईल, हे पाहताना मनात येतंच.

चित्रपटाचं नाव ‘फेस्टेन’. डॅनिश भाषेत ‘फेस्ट’ म्हणजे मेजवानी, समारंभ. ‘तो’, ‘ती’ किंवा ‘ते’ सांगणारा प्रत्यय त्या भाषेत शब्दाच्या शेपटीला लागतो, म्हणून फेस्टेन, म्हणजे ‘तो समारंभ’. कुठला ते घरातल्यांना विचारायची गरज नाही, असा समारंभ. दिग्दर्शक थॉमस विंटरबर्ग, साल १९९८. आज या चित्रपटाचं नाव निघालं की ‘डॉग्मा’, ‘कान’, ‘डिजिटल क्रांती’ असे शब्द इतक्या झपाट्यानं अंगावर येतात की नवा प्रेक्षक बिचकतो. म्हणून एकेक गाठ सोडवत जाऊ. अट एकच, नियमांच्या नादात ती पंगत विसरायची नाही. कारण माझ्या मते हे नियम आणि ही गोष्ट एकच काम करतात: लपायच्या जागा एकेक करून बंद करत नेतात.

गोष्ट १९९५ पासून सुरू होते. सिनेमाची शंभरी साजरी करायला पॅरिसच्या ओडेऑन थिएटरात मार्च महिन्यात एक परिषद भरली होती. तिथे लार्स फॉन ट्रायर हा डॅनिश दिग्दर्शक सिनेमाच्या भवितव्यावर बोलायला आला. त्यानं एक जाहीरनामा वाचून दाखवला आणि लाल कागदांचा गठ्ठा प्रेक्षकांत उधळला. जाहीरनाम्याचं नाव ‘डॉग्मा ९५’. त्यावर सह्या दोघांच्या, फॉन ट्रायरची आणि विंटरबर्गची. फॉन ट्रायर तेव्हा अडतीस वर्षांचा आणि नावाजलेला होता. विंटरबर्ग पंचविशीतला, फिल्म स्कूलमधून १९९३ साली बाहेर पडलेला, आणि पूर्ण लांबीचा एकही चित्रपट अजून त्याच्या नावावर नव्हता. दोघांनी हे सगळं पाऊण तासात, हसत-खिदळत लिहिलं असं ते स्वतःच सांगत आले आहेत. पुढे सोरेन क्राग-याकोबसन आणि क्रिस्टियान लेव्हरिंग हे आणखी दोघे त्यांना मिळाले. चौघं स्वतःला ‘बंधू’ म्हणवून घेत, मठातल्या साधूंसारखे.

मठाचा हा आव नियमांच्या नावातही आहे. नियमांच्या यादीला त्यांनी जे डॅनिश नाव दिलं त्याचा सरळ अर्थ होतो ब्रह्मचर्याची शपथ. दहा नियम. सगळे पाठ करायची गरज नाही, पण त्यांचा रोख कळला पाहिजे. चित्रीकरण खऱ्या जागीच करायचं, सेट लावायचा नाही, बाहेरून सामान आणायचं नाही. गोष्टीत दिवा हवा असेल तर आधी दिवा असलेली जागा शोधायची. कॅमेरा हातात धरायचा. ट्रायपॉड नाही, रूळ नाहीत, क्रेन नाही. गोष्ट कॅमेऱ्यापाशी आणायची नाही, कॅमेऱ्यानं गोष्टीच्या मागे जायचं. जादा प्रकाशयोजना नाही. फारच अंधार असेल तर कॅमेऱ्यावर एखादा छोटा दिवा लावा, नाहीतर तो प्रसंगच कापा. चित्र आणि आवाज एकाच वेळी, एकत्र टिपायचे. म्हणजे मागून पार्श्वसंगीत चढवायचं नाही. गाणं हवंय? मग त्या खोलीत कुणीतरी गायला पाहिजे. चित्रपट रंगीत असावा. फिल्टर आणि प्रयोगशाळेतल्या करामती बाद. खून, बंदुका असली उसनी मारामारी नको. गोष्ट आत्ताची आणि इथलीच हवी, आणि ती ‘थ्रिलर’ किंवा ‘वेस्टर्न’ अशा कुठल्या साच्यातली नको. नववा नियम पडद्याच्या आकाराचा, त्याकडे नंतर येऊ. आणि दहावा, सगळ्यात खोडकर: दिग्दर्शकाचं नाव श्रेयनामावलीत द्यायचं नाही.

आता प्रश्न असा पडतो की शहाणीसुरती माणसं स्वतःचे हात स्वतःच का बांधून घेतील? एक उत्तर सरळ आहे. त्यांना राग आला होता. मोठे चित्रपट मेकअप, संगीत, दिवे, संगणकी करामती यांच्या थरांखाली गुदमरतात आणि प्रेक्षकाला रडायला लावायचं काम नटाऐवजी व्हायोलिनं करतात, अशी त्यांची तक्रार होती. दुसरं उत्तर जास्त व्यावहारिक आहे. त्या वेळी डेन्मार्कची लोकसंख्या होती सुमारे ५३ लाख, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या जिल्ह्याएवढी. एवढ्याशा भाषेत हॉलिवूडशी खर्चाची बरोबरी करणं म्हणजे मुंगीनं हत्तीशी कुस्ती धरणं. मग खेळच असा मांडायचा की त्यात पैसा असणं हीच अडचण ठरावी. गरिबीचं व्रत केलं की गरिबी लपवावी लागत नाही. मला ही चाल फार हुशारीची वाटते, आणि थोडी लबाडीचीसुद्धा.

‘स्वतंत्र चित्रपट’ हा शब्द डेन्मार्कला लावताना जरा जपूनच वापरावा लागतो. अमेरिकेत स्वतंत्र म्हणजे मोठ्या स्टुडिओंच्या पैशाबाहेरचा. डेन्मार्कमध्ये मुळात सरकारी मदतीशिवाय फार थोडे चित्रपट उभे राहतात. १९७२ साली तिथे डॅनिश फिल्म इन्स्टिट्यूट स्थापन झाली, आणि सार्वजनिक टीव्हीसुद्धा चित्रपटांत पैसे घालतो. ‘फेस्टेन’ काढला तो निम्बस फिल्म या छोट्या कंपनीनं. ती १९९३ साली सुरू झालेली, निर्माती बिर्गिटे हाल्ड. डॅनिश सार्वजनिक वाहिनी डीआर सोबत होती. तेव्हा इथलं स्वातंत्र्य पैशापेक्षा पसाऱ्यापासूनचं आहे. मोठं युनिट नाही, दिव्यांचे ट्रक नाहीत, मेकअपची गाडी नाही.

आता तो नववा नियम. चित्रपटाचं माप ‘अकॅडमी ३५ मिमी’ असावं, असं तो सांगतो, म्हणजे जुन्या काळातला जवळजवळ चौकोनी पडदा. मूळ हेतू बहुधा फिल्मच्या रिळावरच चित्रीकरण करायचा होता. पण फिल्म महाग. मग बंधूंनी वकिली अर्थ लावला: नियम चित्रीकरणाला लागू नाही, थिएटरात पोचणाऱ्या प्रतीला लागू आहे. १९९८ साली थिएटरांत फिल्मचीच प्रोजेक्टर होती, त्यामुळे शेवटी ३५ मिमीची प्रत काढावी लागणारच होती. या एका पळवाटेतून जे आत शिरलं त्यानं चित्रपटाचा चेहरा ठरवला.

आत शिरला सोनीचा छोटा हँडीकॅम. मॉडेल पीसी-७, मिनी-डीव्ही कॅसेटवर चालणारा, तळहातात मावेल एवढा. लोक बारशाला आणि सहलीला वापरायचे तसला. त्याच्या एका चौकटीत ७२० गुणिले ५७६ एवढे ठिपके, म्हणजे सव्वाचार लाखांच्या आत. आजच्या बऱ्या फोनवरचं फोर-के चित्र त्याच्या वीसपट बारीक असतं. हे चित्र फुगवून फिल्मवर उतरवलं की कडा विरघळतात, रंग गढुळतात. अंधारात तर कहरच. प्रकाश कमी पडला की असा कॅमेरा आलेला विद्युत संकेत जबरदस्तीनं वाढवतो, आणि त्याबरोबर त्यातली खरखरही वाढते. रेडिओचा आवाज वाढवला की स्टेशनसोबत खरखर वाढते, तसंच. ‘फेस्टेन’मधे संध्याकाळ कलते, मेणबत्त्या उरतात, तसतसं चित्र दाणेदार, मुंग्या चालल्यासारखं होत जातं. दुसऱ्या एखाद्या चित्रपटात हा दोष ठरला असता. इथे वाटतं की घराचा उजेडच संपत चाललाय.

छायालेखक होता अँथनी डॉड मँटल, जन्मानं ब्रिटिश, कामानं डॅनिश. कॅमेरा लहान असल्यामुळे तो कोपऱ्यात घुसतो, टेबलाखालून बघतो, माणसांच्या खांद्याला खांदा लावून धावतो. कधी वाटतं की कुणी पाहुणाच समारंभाचं शूटिंग करतोय. आपल्याकडच्या लग्नांच्या जुन्या व्हिडिओ कॅसेट आठवा: जेवणाऱ्या मावशीच्या तोंडासमोर कॅमेरा येतो, मावशी घास हातात धरून कसनुसं हसते. घरगुती व्हिडिओचा हा पोत आपल्या डोळ्यांना ‘हे खरं घडलं’ असं सांगतो, कारण खोटं रचणारे लोक इतकं वाईट शूट करत नाहीत. विंटरबर्गनं हा समज वापरून घेतला.

पण चित्रपट फक्त कॅमेऱ्यावर चाललेला नाही, हे ठासून सांगायला हवं. नंतर हात हलवत शूट केलेले कितीतरी चित्रपट आले आणि गेले. ‘फेस्टेन’ टिकला तो पटकथेच्या हाडांमुळे. ती विंटरबर्गनं मोगेन्स रुकोव यांच्यासोबत लिहिली. रुकोव हे डॅनिश फिल्म स्कूलमधले पटकथेचे गुरुजी, आणि त्यांची एक आवडती शिकवण होती, ‘नैसर्गिक कथा’. सर्वांना क्रम ठाऊक असलेला एखादा प्रसंग घ्या: लग्न, अंत्ययात्रा, वाढदिवस. पाहुणे येतात, खोल्या वाटल्या जातात, जेवण, भाषणं, नाच, झोप, सकाळचा नाश्ता. हा क्रम प्रेक्षकाच्या अंगात भिनलेला असतो, त्यामुळे तो समजावण्यात वेळ जात नाही. मग त्यात एक खडा टाका आणि क्रम मात्र मोडू देऊ नका. समारंभ आपोआप पुढे रेटत राहतो, हेच नाट्य.

डॅनिश समारंभाची एक खासियत इथे ठाऊक हवी. तिथे मोठ्या जेवणात भाषणं ही शिस्तीची बाब असते. टोस्टमास्टर क्रम लावतो, ओळखीच्या चालींवर खास त्या दिवसासाठी रचलेली गाणी छापून वाटतात आणि सगळे मिळून ती गातात. भाषण चालू असताना मधे बोलायचं नाही, संपलं की ग्लास उंचवायचा. थोरला मुलगा क्रिस्टियान याच शिस्तीचं हत्यार करतो. त्याला कुणी मधे अडवू शकत नाही, कारण तो सभ्यतेचे नियम पाळतोय. आणि त्याच सभ्यतेमुळे त्याचं बोलणं पचवलंही जातं, कारण भाषणानंतर पुढचं भाषण असतं. टोस्टमास्टर झालेला नट क्लाउस बोन्डम पुढे खरोखरच राजकारणात शिरला आणि कोपनहेगन शहराच्या कारभाऱ्यांपैकी एक झाला. कोसळत्या कार्यक्रमात क्रम सांभाळायचा सराव त्याला आधीच झाला होता म्हणायचा.

घरातल्या वरच्या मजल्याच्या जोडीनं एक खालचा मजलाही आहे, स्वयंपाकघर. आचारी किम हा क्रिस्टियानचा लहानपणापासूनचा मित्र. पहिल्या भाषणानंतर क्रिस्टियान गाशा गुंडाळून निघायच्या बेतात असतो, तेव्हा किम त्याला टोचून मागे वळवतो. आणि पाहुण्यांनी पळ काढू नये म्हणून नोकरमाणसं खोल्यांमधून त्यांच्या गाड्यांच्या किल्ल्या पळवतात. सगळं ठाऊक असलेले, पण बोलायची मुभा नसलेले हे लोक, आणि त्यांनी करायचं ते एवढंच करावं: दारं बंद करावीत. आता ऐकल्याशिवाय सुटका नाही.

मग आई बोलते. आईचं भाषण मला वडिलांच्या गुन्ह्याइतकंच काळजात रुततं. ती मुलाला रागावत नाही, लाडानं सांगते की याची कल्पनाशक्ती पहिल्यापासूनच दांडगी, लहानपणी याचा एक काल्पनिक मित्र होता, आणि आता यानं वडिलांची माफी मागावी. बिर्था नॉयमन या नटीनं हे हसऱ्या चेहऱ्यानं केलंय. क्रिस्टियान उठतो आणि सगळ्यांदेखत सांगतो की तू एकदा दार उघडून सगळं पाहिलं होतंस. धाकट्या भावाची, मायकेलची, तऱ्हा वेगळी. तो बापाची मर्जी राखायला काहीही करेल. बहीण हेलेना हिचा कृष्णवर्णीय मित्र टॅक्सीनं येतो तेव्हा हा मायकेलच सगळ्या टेबलाला एक वर्णद्वेषी गाणं गायला लावतो, आणि मघाशी अत्याचाराची हकीकत गिळून बसलेले लोक आता मनापासून ठेका धरतात. कुठलंही व्याख्यान न देता दिग्दर्शकानं दोन गोष्टी एका टेबलावर शेजारी मांडल्या.

शेवटी कोंडी फुटते ती मेलेल्या बहिणीच्या चिठ्ठीनं. चिठ्ठीत काय आहे ते इथे लिहीत नाही, पाहणाऱ्यानं पाहावं.

आता कान. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर दर मे महिन्यात भरणारा हा महोत्सव म्हणजे नक्की काय, ते थोडक्यात. तिथे एक मुख्य स्पर्धा असते, वीसेक चित्रपटांची. तिच्या बाजूला इतर विभाग, आणि त्याच वेळी एक प्रचंड बाजार, जिथे चित्रपटांचे हक्क विकले जातात. स्पर्धेचा निकाल दिग्दर्शक-नटांचं एक मंडळ लावतं. सर्वोच्च मान पाम दोर, म्हणजे सोन्याची झावळी. त्याखाली ग्रां प्री. आणि त्याखाली ज्यूरी पारितोषिक. नावावरून ते सगळ्यात मोठं वाटतं, प्रत्यक्षात तिसरं. मात्र धाडसी, अनघड, मंडळातल्या काहींना फारच आवडलेल्या चित्रपटाकडे ते जाताना अनेकदा दिसतं.

१९९८ साली मंडळाचे अध्यक्ष होते मार्टिन स्कोर्सेसी. सोबत चेन कायगे, सिगर्नी वीव्हर, मायकेल विंटरबॉटम वगैरे. आणि मुख्य स्पर्धेत एकदम दोन डॉग्मा चित्रपट: डॉग्माच्या यादीतला पहिल्या क्रमांकाचा ‘फेस्टेन’ आणि दुसऱ्या क्रमांकाचा, फॉन ट्रायरचा ‘इडियटर्ने’. दुसऱ्यानं लोकांची माथी भडकवली. एका ब्रिटिश समीक्षकानं भर खेळात फ्रेंचमधून शिवी हाणली आणि त्याला बाहेर काढलं गेलं. गंमत अशी की हा शेजार ‘फेस्टेन’च्या पथ्यावर पडला. दोन्ही चित्रपट एकाच व्रतातून आलेले, पण एक भांडण उकरतो आणि दुसरा हात धरून रडवतो. नियमांबद्दल कुत्सितपणे बोलणाऱ्यालाही ‘फेस्टेन’पुढे मान्य करावं लागलं की बाबा, इथे गोष्ट आहे.

महोत्सव १३ ते २४ मे असा होता. विंटरबर्गचा जन्म १९ मे १९६९ चा, म्हणजे वाढदिवसावर चित्रपट काढलेल्या या पोराचा एकोणतिसावा वाढदिवस ऐन महोत्सवात आला. निकाल लागला तेव्हा पाम दोर ग्रीक दिग्दर्शक थिओ अँजेलोपुलस यांना गेलं, ग्रां प्री रोबेर्तो बेनिन्यीच्या ‘लाइफ इज ब्यूटिफुल’ला, आणि ज्यूरी पारितोषिक दोघांत विभागून: ‘फेस्टेन’ आणि क्लोद मिलेर यांचा ‘ला क्लास द नेज’. ही यादी मी पुष्कळदा वाचली आणि एकदा अचानक लक्षात आलं की ती बापांची यादी आहे. बेनिन्यीचा बाप छळछावणीत मुलासाठी खोटं बोलतो, आणि ते खोटं म्हणजे माया. मिलेरच्या चित्रपटात शाळेच्या सहलीला गेलेल्या मुलाला आपल्या बापाबद्दल भयानक गोष्ट कळते. आणि ‘फेस्टेन’मधे बापाचं खोटं जपण्यासाठी अख्खं कुटुंब जेवत राहतं. मंडळानं ठरवून केलं असेल असं मी म्हणत नाही. पण त्या मे महिन्यात हवेत काहीतरी होतं.

पारितोषिकानं काय बदलतं? डॅनिश भाषेतला, हँडीकॅमवरचा चित्रपट एरवी डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडन करून संपला असता. कानच्या शिक्क्यानंतर तो देशोदेशी विकला गेला, अमेरिकेत ऑक्टोबर फिल्म्सनं दाखवला. न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिस या दोन्ही ठिकाणच्या समीक्षक संघांनी त्याला वर्षातला सर्वोत्तम परभाषी चित्रपट ठरवलं. युरोपियन फिल्म पुरस्कारांत नव्या शोधासाठीचा पुरस्कार मिळाला, अमेरिकेतला इंडिपेंडंट स्पिरिट मिळाला, घरच्या अंगणात रॉबर्ट आणि बोडिल हे दोन्ही डॅनिश चित्रपट पुरस्कार. ऑस्करसाठी डेन्मार्कनं तोच पाठवला होता, पण शेवटच्या पाचांत तो आला नाही. ऑस्कर गेलं बेनिन्यीकडे. प्रेमळ बापाला बाहुली, गुन्हेगार बापाला समीक्षकांची टाळी. ‘फेस्टेन’च्या बरोबर दहा वर्षं आधी, १९८८ साली, डेन्मार्कला पहिलं परभाषी ऑस्कर मिळालं होतं ते ‘बाबेट्स फीस्ट’ला, म्हणजे पुन्हा मेजवानीच, पण माणसं जोडणारी. त्या टेबलावरून या टेबलावर यायला देशाला एक दशक लागलं.

व्रत घेतलं की ते मोडल्याची कबुली आलीच. विंटरबर्गनं चित्रपटानंतर एक लेखी कबुलीजबाब दिला. तो मला जाहीरनाम्याहून जास्त आवडतो. एका शॉटसाठी खिडकीवर काळं कापड टाकलं, म्हणजे एक वस्तू बाहेरून आणली आणि प्रकाशयोजनाही केली. नटांना कपडे पुरवायचे नाहीत, म्हणून एका नटाचा पगार वाढवून त्यातून सूट घेऊ दिला, आणि हे विंटरबर्गला ठाऊक होतं. हॉटेलचं स्वागत-टेबल मुळात तिथे नव्हतं, ते उभं केलं, पण त्याच जागेतल्या सामानातून. क्रिस्टियानचा मोबाइल त्याचा स्वतःचा नव्हता. आणि एकदा कॅमेरा माइकच्या दांड्याला बांधला, तेव्हा तो अर्धाच हातात होता. वाचताना हसू येतं, पण नीट पाहिलं तर प्रत्येक कबुलीत कळतं की साधा चित्रपट काढतानाही आपण दर मिनिटाला काय काय रचत असतो.

खरी मोठी कबुली मात्र वेगळ्याच माणसाकडून आली. चित्रपटाची कल्पना विंटरबर्गला मिळाली ती डॅनिश रेडिओवरच्या एका कार्यक्रमामुळे. एका माणसानं आपली कहाणी म्हणून असंच एक भाषण सांगितलं होतं. काही वर्षांनी रेडिओच्याच एका पत्रकार बाईंनी त्याला शोधून काढलं, तेव्हा त्यानं मान्य केलं की ती हकीकत रचलेली होती. ज्या चित्रपटात आई म्हणते ‘याची कल्पनाशक्ती दांडगी’, त्याचं मूळच कल्पनेतलं निघालं. यानं चित्रपटाचं खरेपण कमी होतं का? मला नाही वाटत. अशा पंगती असतात, आणि मुकाट जेवणारेही असतात, हे सांगायला कुणा एका माणसाची साक्ष लागत नाही. पण विंटरबर्गला हा विषय सोडेना. ‘फेस्टेन’ गाजल्यावर एक मानसोपचारतज्ज्ञ त्याच्या दारात आले होते, मुलांच्या बोलण्यातून निर्दोष माणसावर आळ येण्याच्या प्रकरणांचे कागद घेऊन. त्यानं ते कित्येक वर्षं उघडलेच नाहीत. उघडले तेव्हा त्यातून ‘द हंट’ आला. २०१२ साली तो पुन्हा कानच्या स्पर्धेत होता आणि मॅड्स मिकेलसनला अभिनयाचं पारितोषिक मिळालं. पहिल्या चित्रपटात खरं बोलणाऱ्यावर कुणी विश्वास ठेवत नाही, दुसऱ्यात खोट्यावर सगळे ठेवतात. दोन्ही पाठोपाठ पाहावेत, मात्र एका रात्रीत नकोत.

डॉग्माचं पुढे काय झालं, ते लवकर सांगून टाकतो. तिसऱ्या क्रमांकाच्या ‘मिफूने’ला १९९९ साली आणि लोने शेरफिगच्या ‘इटालियन फॉर बिगिनर्स’ला २००१ साली बर्लिनमधे चांदीची अस्वलं मिळाली. नियम पाळल्याचं डॉग्माचं प्रमाणपत्र घेतलेले चित्रपट तिसाच्या वर गेले. मग नियमांचीच एक शैली झाली, लोक हलत्या कॅमेऱ्यालाच डॉग्मा म्हणू लागले, आणि बंधूंनी २००२ साली कार्यालयाला कुलूप लावलं. साचा मोडायला आलेल्या गोष्टीचा साचा झाला की तिला मूठमाती द्यावी, हे त्यांना कळलं, एवढं श्रेय त्यांना आहे. मे २०२५ मधे कानलाच पाच नव्या दिग्दर्शकांनी ‘डॉग्मा २५’ जाहीर केला. त्यात एक नियम आहे की पटकथा हातानं लिहायची, आणि दुसरा, निर्मितीच्या सर्जनशील कामात इंटरनेट वर्ज्य. शत्रू बदलला, युक्ती तीच.

या सगळ्याचे धागे आपल्यापर्यंतही येतात. ‘फेस्टेन’चा तोच छायालेखक डॉड मँटल दहा वर्षांनी छोटे डिजिटल कॅमेरे घेऊन मुंबईच्या झोपडपट्टीतल्या गल्ल्यांमधून पळत होता. ‘स्लमडॉग मिल्यनेअर’साठी २००९ साली त्याला छायालेखनाचं ऑस्कर मिळालं. धारावीतल्या त्या धावपळीच्या दृश्यांमागे डॅनिश वाड्यातल्या जिन्यांवर केलेला सराव आहे. आणि गोव्याचा इफ्फी महोत्सव कोरोनामुळे पुढे ढकलून जानेवारी २०२१ मधे भरला, तेव्हा पणजीत त्याचा पडदा उघडला विंटरबर्गच्याच ‘अनदर राउंड’नं. त्याला पुढे एप्रिलमधे ऑस्कर मिळालं. त्या इफ्फीतला सर्वोच्च पुरस्कार, सुवर्णमयूर, तोही डॅनिश चित्रपटालाच गेला, आंदर्स रेफ्न यांच्या ‘इन्टू द डार्कनेस’ला.

राहता राहिला दहावा नियम, दिग्दर्शकाचं नाव न देण्याचा. ‘फेस्टेन’च्या सुरुवातीला डॉग्माचं प्रमाणपत्र दिसतं, पण नामावलीत विंटरबर्गचं नाव दिग्दर्शक म्हणून सापडत नाही. कानच्या मंचावर मात्र ते मोठ्यानं पुकारलं गेलं. तरी तो चित्रपटात आहे. हेलेनाच्या मित्राला घेऊन टॅक्सी दाराशी येते, तेव्हा चालकाच्या जागेकडे नीट पाहा.